हिज्रच्या खोऱ्यातून जाताना

उमरा करून परतणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात मक्का आणि मदीना यांच्या जोडीला आता आणखी एक नाव येऊ लागले आहे, ते म्हणजे अल-उला. मदीनेच्या उत्तरेला तीनशेहून अधिक किलोमीटरवर, तांबड्या वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमध्ये हे खोरे वसलेले आहे. तेथून साधारण वीस किलोमीटर पुढे गेले की अल-हिज्र लागते. लोक त्याला मदाइने सालेह या नावानेही ओळखतात. हत्तीच्या आकाराचा खडक, अरुंद घळी, डोंगरात कोरलेले प्रचंड दरवाजे यांची छायाचित्रे मोबाइलवर फिरतात आणि मग घरात विचार सुरू होतो की, मदीनेपर्यंत आलोच आहोत तर एक दिवस तिकडे का जाऊ नये? काही सहल-आयोजक आपल्या पत्रकात या दिवसाला ‘जियारत’ असे नाव देतात. उलट घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, तेथे अल्लाहचा प्रकोप कोसळला, तेथे पाऊलही टाकू नये. दोन्ही बाजूंचे लोक नमाजनंतर थांबून विचारतात. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने अभ्यास करू.

प्रथम दिव्य कुरआनकडे वळू. पंधराव्या अध्यायाचे नावच सूरह अल-हिज्र आहे आणि त्याच्या ८० ते ८४ या आयतींत हिज्रवासीयांचा वृत्तांत आला आहे. सूरह अल-अन्कबूतमध्ये आद आणि समूद यांचा उल्लेख करताना मक्केच्या लोकांना असे सांगितले आहे की, त्यांची काय गत झाली हे त्यांच्या वस्त्यांवरूनच तुम्हाला उघड दिसते. म्हणजे ही ऐकीव कथा नव्हती. कुरैशांचे व्यापारी काफिले सीरियाकडे जाता-येता याच पट्ट्यातून जात असत. ते कडे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सूरह अल-हज्जच्या ४६ व्या आयतीत तर पृथ्वीवर प्रवास न करणाऱ्यांना, किंवा प्रवास करूनही न समजणाऱ्यांना, जाब विचारला आहे आणि पुढे स्पष्ट केले आहे की, अशा वेळी आंधळे होतात ती छातीतली अंतःकरणे, डोळे नव्हेत. तेव्हा जाणे, पाहणे आणि विचार करणे याला कुरआनची मनाई नाही. किंबहुना त्याचीच हाक आहे.

मग वडीलधाऱ्यांचे म्हणणे निराधार आहे काय? तसेही नाही. त्यांच्या म्हणण्यामागे एक अत्यंत प्रमाणित हदीस आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी ज्यांच्यामुळे ही जागा अशी झाली, त्या लोकांना ओळखून घेऊ.

समूद आणि पाण्याची पाळी

समूद हा आद समाजानंतर पुढे आलेला समाज. सूरह अल-आराफमध्ये त्यांच्यावरील कृपांची आठवण करून दिली आहे. मैदानात ते वाडे बांधत आणि डोंगर कोरून घरे करत. सूरह अश-शुअरामध्ये त्यांच्या बागा, झरे, पिके आणि मऊ गाभ्याच्या खजुरी यांचे वर्णन आहे. प्रेषित सालेह (अ.) त्यांना विचारतात की, या सगळ्यात तुम्हाला असेच निर्धास्त सोडून दिले जाईल असे वाटते काय? त्या ठिकाणी त्यांच्या कोरीव कामासाठी जो शब्द आला आहे, त्यात भाष्यकारांनी कौशल्य आणि तोरा असे दोन्ही अर्थ पाहिले आहेत. मराठीत ‘लेणे’ म्हणजे डोंगरात कोरलेली गुहा आणि ‘लेणे’ म्हणजे अंगावर मिरवायचा दागिनाही. व्युत्पत्ती वेगळी असेल, परंतु समूदचे लेणे या दोन्ही अर्थांनी लेणे होते, असे म्हणावेसे वाटते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. डोंगर कोरणे हा त्यांचा गुन्हा नव्हता. ती तर कृपांच्या यादीत मोजलेली गोष्ट आहे. प्रेषित सालेह (अ.) यांनी त्यांना छिन्नी खाली ठेवा असे सांगितले नाही. ज्याने तुम्हाला या मातीतून उभे केले आणि या मातीतच वसवले, त्या एका अल्लाहची उपासना करा आणि त्याची क्षमा मागा, असे सांगितले. लोकांचे उत्तर सूरह हूदमध्ये आहे आणि ते वाचताना मन खिन्न होते. आतापर्यंत आम्हाला तुमच्याकडून मोठी आशा होती, असे ते म्हणाले. म्हणजे सालेह (अ.) हे त्यांच्यातील गुणी, पुढे नाव काढतील असे वाटणारे गृहस्थ होते. सत्य बोलू लागताच ती आशा आटली. आपल्याकडेही एखादा तरुण हुंड्याच्या किंवा व्याजाच्या व्यवहाराला नाही म्हणू लागला की, घरातले लोक नेमके याच सुरात बोलतात.

मग निशाणी म्हणून उंटीण आली. तिच्याविषयी कथाकारांनी पुष्कळ रंग भरले आहेत. कुरआनने मात्र तिला अल्लाहची उंटीण म्हटले आहे आणि दोनच अटी सांगितल्या आहेत : तिला अल्लाहच्या जमिनीवर चरू द्यावे आणि तिला इजा करू नये. सूरह अल-कमर आणि सूरह अश-शुअरा यांत आणखी एक तपशील येतो. पाण्याची पाळी ठरवून दिली होती. एक दिवस उंटिणीचा, एक दिवस लोकांचा.

मराठवाड्यातील शेतकरी वाचकाला पाळी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. कालव्याला पाणी सुटले की कोणाची पाळी कधी, यावरून गावात भाऊ भावाचे तोंड पाहीनासा होतो. दुसऱ्याच्या पाळीत रात्री गुपचूप पाट फोडणारा माणूस प्रत्येक गावाला माहीत असतो. बलवानाला पाळी सहन होत नाही, कारण पाळी मान्य करणे म्हणजे पाणी आपल्या मालकीचे नाही हे मान्य करणे होय. समूदची परीक्षा झाली ती याच ठिकाणी. त्यांच्यापाशी झरे होते, बागा होत्या, डोंगर फोडण्याइतके बळ होते. मागितला होता तो एका मुक्या जनावरासाठी एका दिवसाआडचा हक्क. तेवढाही त्यांना जड झाला.

सूरह अल-कमरमध्ये असे आले आहे की, त्यांनी आपल्या एका साथीदाराला बोलावले आणि त्याने उंटिणीचा घात केला. हात एकाचा होता. परंतु सूरह अश-शम्समध्ये ‘त्यांनी’ तिचा घात केला, असे अनेकवचन आले आहे. भाष्यकारांनी याचे कारण सांगितले आहे : एकाने केले, बाकीच्यांनी त्याला पुढे केले, मान्यता दिली आणि गप्प बसून पाहिले. म्हणून कृत्य सर्वांच्या नावावर जमा झाले. पुढे सूरह अन-नम्लमध्ये शहरातील नऊ जणांचा उल्लेख येतो. त्यांनी शपथ घेऊन ठरवले की, सालेह (अ.) आणि त्यांच्या घरच्यांवर रात्री घाला घालायचा आणि वारसांना सांगायचे की, आम्ही तेथे नव्हतोच. जनावरापासून सुरू झालेला हात किती लवकर माणसापर्यंत पोहोचला! त्यांना घरात तीन दिवस भोगून घ्या असे सांगण्यात आले, आणि मग एका सकाळी त्या भयंकर आवाजाने आणि भूकंपाने सगळे आपापल्या घरात पालथे पडले. सूरह अल-हिज्र सांगते की, त्यांनी जे कमावले होते, ते त्यांच्या कामी आले नाही. प्रेषित सालेह (अ.) आणि त्यांच्यावर श्रद्धा ठेवणारे वाचले.

मळलेली कणीक

आता ती हदीस पाहू. हिजरी सन ९, म्हणजे इ.स. ६३०. प्रेषित मुहम्मद (स.) तबूकच्या मोहिमेवर निघाले होते. कडक उन्हाळा, मदीनेत खजुरांचे पीक हाताशी आलेले, अंतर दूरचे आणि सामग्री तुटपुंजी. इतिहासात या सेनेला ‘जैशुल उस्रा’, म्हणजे अडचणीतील सेना, असेच नाव पडले आहे. मार्गात हिज्र लागले. थकलेल्या, तहानलेल्या सहाबांनी (रजि.) तेथील विहिरींचे पाणी शेंदले आणि त्या पाण्यात कणीक मळली.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचे कथन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषितांनी (स.) आज्ञा केली की, शेंदलेले पाणी ओतून टाकावे, मळलेली कणीक उंटांना घालावी आणि ज्या विहिरीवर ती उंटीण पाणी पिण्यास येत असे, त्या विहिरीचे पाणी घ्यावे. दुसऱ्या कथनानुसार त्यांनी सांगितले की, प्रकोप झालेल्या या लोकांच्या ठिकाणी रडत असाल तरच प्रवेश करा. रडू येत नसेल तर शिरू नका, नाहीतर जे त्यांच्यावर आले, ते तुमच्यावरही यायचे. मग त्यांनी स्वतःचे मस्तक वस्त्राने झाकले आणि ते खोरे ओलांडेपर्यंत वाहनाचा वेग वाढवला.

या प्रसंगापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्या सेनेत अन्नाची टंचाई होती, तिला मळलेली कणीक सोडून द्यावी लागली. एवढी ती आज्ञा गंभीर होती. तरीही कणीक फेकून दिली गेली नाही. ती उंटांच्या पोटात गेली. उंट त्या लोकांच्या पापाचे वारस नव्हते आणि अन्नाची नासाडी आपल्या धर्मात नाही. जेथे एका उंटिणीला पाण्यापासून वंचित करण्यात आले होते, तेथे अनेक शतकांनंतर माणसांच्या वाट्याचे अन्न उंटांना मिळाले. ही जुळणी प्रेषितांनी (स.) शब्दांत सांगितलेली नाही, म्हणून तिच्यावर मी कोणताही नियम उभारत नाही. परंतु हदीस शिकवताना दर वेळी ती माझ्या नजरेसमोर येते.

दुसरी गोष्ट अशी की, सगळ्या विहिरी वर्ज्य झाल्या नाहीत. उंटिणीची विहीर वगळण्यात आली. याचा अर्थ त्या जमिनीत किंवा पाण्यात काही भूतबाधा होती असा नाही. अत्याचाऱ्यांच्या विहिरीवर तळ देऊन निर्धास्त खाणेपिणे नाकारले गेले, आणि निशाणीच्या विहिरीवरचे पाणी मोकळे राहिले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रेषितांनी (स.) सेनेला वळसा घालून दुसऱ्या वाटेने नेले नाही. ते त्या खोऱ्यातून गेले. स्वतः गेले आणि इतरांनाही नेले. म्हणजे मनाई जाण्याला नाही, बेफिकीर जाण्याला आहे.

इमाम नववी (रह.) यांनी या हदीसच्या भाष्यात लिहिले आहे की, अत्याचाऱ्यांच्या वस्तीतून आणि प्रकोपाच्या जागेवरून जाताना मन सावध असले पाहिजे. यासाठी त्यांनी वादी मुहस्सिरचे उदाहरण दिले आहे. हज केलेल्या वाचकांना आठवत असेल, मुज्दलिफाहून मिनाकडे येताना एका पट्ट्यात पावले उचलण्यास सांगितले जाते. हत्तीवाले जेथे नष्ट झाले, ती ही जागा असे त्यांनी नमूद केले आहे. तेथे आपण थांबून छायाचित्र काढत नाही. हिज्रलाही तोच शिष्टाचार लागू आहे.

रडण्याविषयी पुष्कळांना अडचण वाटते. ठरवून रडू कसे आणायचे? हदीसच्या भाष्यकारांनी याचा खुलासा केला आहे. खोटे अश्रू मागितलेले नाहीत. ज्या विचाराने रडू यावे, तो विचार मागितला आहे : मलाही डोळे, हात आणि बळ मिळाले आहे, मलाही उपदेश पोहोचला आहे, मीही कोणाची तरी पाळी हिरावली असेल, आणि मला मुदत मिळते आहे ती केवळ अल्लाहच्या दयेमुळे. जो या जागेवरून असा काहीही विचार न करता जातो, तो बेपर्वाईत त्या लोकांसारखाच झाला. भीती आहे ती याची.

कोणाच्या कबरी?

हिज्रमध्ये गेलेला माणूस एका प्रश्नाने गोंधळतो. घरातून निघताना त्याने ऐकलेले असते की, ही समूदची घरे आहेत. तेथील मार्गदर्शक सांगतो की, या नबाती लोकांच्या कबरी आहेत. कोणाचे खरे?

मार्गदर्शकाचे म्हणणे पुराव्याने सिद्ध आहे आणि ते स्वीकारताना श्रद्धेला धक्का बसण्याचे काही कारण नाही. जॉर्डनमधील पेट्रा ही ज्यांची राजधानी, त्या नबाती लोकांचे हिज्र हे दक्षिणेकडील मोठे नगर होते. तेथे डोंगरात कोरलेल्या १११ भव्य कबरी आहेत आणि त्यांपैकी ९४ नक्षीदार आहेत. २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले हे सौदी अरेबियातील पहिले स्थळ. कित्येक कबरींच्या दर्शनी भागावर मालकाचे नाव आणि राजाच्या कारकिर्दीचे वर्ष कोरलेले आहे. त्यावरून त्यांचा काळ येशूपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून येशूनंतरच्या पहिल्या शतकापर्यंतचा ठरतो. इ.स. १०६ मध्ये हे राज्य रोमनांनी आपल्या साम्राज्यात मिळवले.

समूद त्याच्या फार आधीचे. येशूपूर्व आठव्या शतकातील असुर सम्राट दुसरा सार्गन याच्या शिलालेखात त्या नावाच्या लोकांचा उल्लेख सापडतो. प्रेषितांनी (स.) हिज्र ही समूदची भूमी असल्याचे दाखवून दिले. आज उभा असलेला प्रत्येक दरवाजा त्यांनीच कोरला, असे कोठेही म्हटलेले नाही. भूमी त्यांची आहे, तिच्यावर नंतर इतर लोक येऊन राहिले आणि त्यांनीही डोंगर कोरले. शिष्टाचाराचा संबंध भूमीशी आहे, म्हणून दरवाजा कोणत्या शतकातला यावरून तो बदलत नाही. मुलांनी विचारले तर हेच सरळ सांगावे. इतिहासाला घाबरून उत्तर टाळले की मुलाला वाटते, धर्माजवळ उत्तरच नाही.

या नबाती लेखांत आपल्याला दचकवणारी एक गोष्ट आहे. येशूपूर्व १ या वर्षाच्या सुमाराचा, कमकम नावाच्या स्त्रीने आणि तिच्या मुलीने स्वतःसाठी व वंशजांसाठी करवलेल्या कबरीवरचा लेख प्रसिद्ध आहे. ही कबर जो विकेल, गहाण ठेवील किंवा तिच्यात परक्याला पुरेल, त्याच्यावर दुशरा, अल्लात, मनात इत्यादी देवतांचा शाप येवो, असे त्यात कोरले आहे. दंडाच्या कलमात हुबल याचेही नाव येते. लात आणि मनात यांची नावे आपण सूरह अन-नज्ममध्ये वाचतो आणि हुबल ही मूर्ती मक्काविजयापूर्वी काबागृहात होती. समूदच्या विनाशानंतर त्याच कड्यांच्या सावलीत, त्याच रस्त्यावर लोकांनी पुन्हा तीच वाट धरली होती. शेजारची उद्ध्वस्त वस्ती त्यांना दिसत नव्हती काय? दिसत असणारच. सूरह अल-हज्जमधील ती आयत येथे पुन्हा आठवते.

कसर अल-फरीद नावाची एक एकटी कबर तेथे आहे. वाळवंटात सुटा उभा असलेला खडक, उंची सुमारे २२ मीटर. तिचा वरचा भाग गुळगुळीत आणि रेखीव आहे, खालचा खडबडीत. कारागीर वरून खाली कोरत येत आणि येथे काम अर्ध्यावर थांबले. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या वाचकाला ही वरून खाली येण्याची पद्धत चटकन उमगेल. खर्च करणाऱ्याचे काय झाले, कारागीर कोठे गेले, काही कळत नाही. नाव कोरण्याची वेळच आली नाही. सबंध हिज्रमध्ये सर्वांत जास्त छायाचित्रे बहुधा याच अपुऱ्या कबरीची निघत असावीत.

कड्यांचे रंग

येथवर जे लिहिले, ते हिज्रपुरते आहे. संपूर्ण अल-उला प्रकोपाची भूमी आहे अशी समजूत काही लोकांची असते. ती बरोबर नाही. अल-उलाचे जुने मातीचे गाव, खजुरीच्या बागा, जबल अल-फील म्हणजे तो हत्तीचा खडक, यांना तो नियम लागू करण्यास आधार नाही. तेथे बसावे, मुलांना खेळू द्यावे, डबा सोडावा.

आणि तेथे पाहण्यासारखे खूप आहे. जबल अल-फील सुमारे ५२ मीटर उंच आहे. सोंड जमिनीला टेकवून उभ्या असलेल्या हत्तीसारखा तो दिसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाळूचे थर एकावर एक साचले, दबून त्यांचा खडक झाला, लोहाच्या अंशाने तो तांबडा झाला. पुढे त्याला भेगा पडल्या. पावसाचे लोंढे, वारा आणि उष्णता यांनी त्या भेगा रुंदावल्या, मऊ भाग झडला, कठीण भाग उभा राहिला. वालुकाश्माचा प्रत्येक कण हा आणखी जुन्या एखाद्या डोंगराचा चुरा आहे, हे मुलांना तेथील वाळू मुठीत देऊन सांगता येते. डोंगराची वाळू होते, वाळूचा डोंगर होतो आणि त्याची पुन्हा वाळू.

सूरह फातिरच्या २७ व्या आयतीत डोंगरांतील पांढऱ्या, तांबड्या, निरनिराळ्या छटांच्या आणि गडद काळ्या पट्ट्यांचा उल्लेख आहे. अल-उलामध्ये हे रंग एकाच नजरेत येतात. समोर तांबडा आणि फिकट वालुकाश्म, आणि पश्चिमेला हर्रत उवैरिदचे ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेले काळे पठार. तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाही तोच. लगेच पुढची, २८ वी आयत सांगते की, अल्लाहचे भय बाळगतात ते त्याच्या दासांपैकी ज्ञान असलेले. डोंगरांच्या रंगांनंतर ज्ञानाचा उल्लेख यावा, याकडे विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे लक्ष वेधले पाहिजे. भूगर्भशास्त्राचे पुस्तक उघडणे हे त्या आयतीपासून दूर जाणे नव्हे.

जाणाऱ्यांसाठी

तर मग जावे की न जावे? माझे मत असे आहे. हिज्रला जाणे हराम नाही, आणि ती जियारतही नाही. जियारत हा शब्द पत्रकातून काढला पाहिजे. पुण्यप्राप्तीसाठी प्रवास करून जाण्याच्या मशिदी तीनच, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे : मस्जिदे हराम, मस्जिदे नबवी आणि मस्जिदे अक्सा. हिज्रला गेल्याने उमरा अधिक पूर्ण होत नाही, न गेल्याने त्यात उणेपणा राहत नाही. तेथे फातिहा पढण्यासाठी कोणी वली निजलेला नाही, नवस बोलण्यासारखी जागा नाही, तेथील खडा ताईत म्हणून आणायचा नाही. जुन्या प्रवासवर्णनांत असे आढळते की, हिज्रजवळच्या एका खिंडीतून जाताना यात्रेकरू मोठ्याने ओरडत आणि बंदुका झाडत, कारण उंटिणीचे विव्हळणे आपल्या उंटांच्या कानी पडले तर ते पुढे चालणार नाहीत, अशी समजूत होती. प्रेषितांनी (स.) मस्तक झाकून शांतपणे ओलांडलेल्या खोऱ्यात हा गोंगाट! चांगली भावनाही ज्ञानाशिवाय कोठे पोहोचते, ते पाहा.

या जागेसाठी आपल्याकडे ‘इबरत’ हा शब्द आहे. अरबीत त्याचे मूळ ओलांडण्याच्या अर्थाचे आहे. दिसते त्यावरून न दिसणाऱ्याकडे जाणे, असा त्याचा भाव. मराठीतील ‘धडा’ हा शब्द त्याला पुरत नाही, कारण धडा पाठ करून झाला की संपतो.

निघण्यापूर्वी घरात सूरह अल-आराफ, सूरह हूद आणि सूरह अश-शुअरा यांतील समूदचा भाग अनुवादासह वाचावा. दोन संध्याकाळी पुरतात. मुलांना उंटिणीची गोष्ट आधी माहीत असली तर त्यांना दटावून गप्प बसवावे लागत नाही. तेथील फेरी आधी नोंदणी करून मार्गदर्शकासोबत करावी लागते आणि ती साधारण दोन तासांची असते. शिधा सोबत घेऊन तेथे पंगत मांडू नये. खाणेपिणे आधी किंवा नंतर उरकावे. कबरीच्या दारात हसत उभे राहून छायाचित्रे काढणे मला योग्य वाटत नाही. ज्या कुटुंबाला छायाचित्रांसाठीच जायचे आहे, त्यांनी हिज्र सोडावे आणि जबल अल-फीलला जावे, यात काही कमीपणा नाही. हिवाळ्यात अल-उलामध्ये रोषणाईचे आणि संगीताचे कार्यक्रम होतात. आपली तारीख ठरवताना ते पाहून घ्यावे.

नमाजचा प्रश्न नेहमी विचारला जातो. इमाम बुखारी (रह.) यांनी प्रकोपाच्या ठिकाणी नमाज पढण्याविषयी स्वतंत्र प्रकरण केले आहे आणि त्यात हजरत अली (रजि.) यांनी बाबिलच्या उद्ध्वस्त जागेत नमाज पढणे नापसंत केल्याचा उल्लेख आहे. त्यानंतर त्यांनी हीच हिज्रची हदीस दिली आहे. अनेक विद्वानांनी अशा ठिकाणची नमाज मकरूह मानली आहे. म्हणून फेरीची वेळ अशी घ्यावी की, दोन नमाजांच्या मधल्या अवधीत ती पूर्ण होईल. कोकणातील शाफई वाचक प्रवासात जुहर आणि असर एकत्र अदा करून निघू शकतात. हनफी वाचकांनी जुहर अल-उलाच्या मशिदीत अदा करावी आणि असरला परत तेथेच यावे. बस अडकली आणि वेळ निघून जाण्याची भीती वाटली, तर मात्र जेथे असाल तेथे नमाज पढावी. नमाज चुकवण्यास कोणत्याही विद्वानाने परवानगी दिलेली नाही.

सुप्रसिद्ध प्रवासी इब्ने बतूता इ.स. १३२६ मध्ये दमास्कसहून निघालेल्या हाजींच्या काफिल्यासोबत या वाटेने गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, हिज्रच्या विहिरींना भरपूर पाणी होते आणि हाजी अतिशय तहानलेले होते, तरी प्रेषितांच्या (स.) आचरणाचे अनुसरण म्हणून कोणीही ते प्याले नाही. तांबड्या डोंगरातील कोरीव उंबरठे त्याला आजच घडवल्यासारखे ताजे दिसले. काफिला तेथे रेंगाळला नाही. अर्ध्या दिवसाच्या अंतरावर अल-उला होते. ते त्याला खजुरीच्या बागा आणि वाहते पाणी असलेले सुंदर, मोठे गाव वाटले. तेथे हाजी चार दिवस थांबले, पोटभर पाणी प्याले, कपडे धुतले, शिधा भरून घेतला. जास्तीचे सामान त्यांनी गावकऱ्यांकडे ठेवले आणि ते पुढे मदीनेकडे निघाले. अल-उलाचे लोक अमानतीला जपणारे आहेत, अशी नोंद त्याने केली आहे.